पिस्तुलाच्या आधीचा श्वास

प्रेमकथेला पाऊस लागतो. त्या सकाळी आकाश घासून ठेवलेल्या ताटासारखं लख्ख आणि कोरडं होतं, तेव्हा ती जबाबदारी मैदानाच्या माळ्याने उचलली. त्याने हिरवळीवरचा फवारा सोडला, फवारा गर्रकन वळला, आणि धावपट्टीवर हात टेकून वाकलेल्या एका बाईंना नखशिखान्त भिजवून पुढे निघून गेला. बाई दचकून दोन पावलं पुढे गेल्या.

"फाउल," मागून आवाज आला.

बाईंनी वळून पाहिलं. बाकावर एक गृहस्थ बसले होते. कडक इस्त्रीचा शर्ट, टोपी, आणि मांडीवर बिजागरीने जोडलेल्या दोन लाकडी फळ्या. एकही थेंब त्यांच्यावर उडाला नव्हता. अशा माणसांवर उडत नाही.

"मला म्हणालात?"

"मैदानावर दुसरं कोणी दिसत नाही."

"मी एकटीच पळतेय. फाउल कुणाच्या विरुद्ध?"

"एकट्याने केला तरी फाउल तो फाउलच. इशारा व्हायच्या आधी हललात."

"इशारा द्यायला आहे का कोणी इथे?" बाईंनी कपाळावरचं पाणी निपटलं.

गृहस्थ फळ्या उचलून उभे राहिले आणि म्हणाले, "आता आहे."

अशी ओळख झाली. विशीत झाली असती तर पुढचं सगळं लवकर उरकलं असतं. पण बाईंनी साठी ओलांडली होती आणि गृहस्थ त्यांच्याही थोडे पुढे होते. या वयात माणूस जिना उतरतानाही कठडा धरतो. प्रेमात पडताना तर दोन्ही हातांनी धरतो.

बाई भूलतज्ज्ञ होत्या. आयुष्यभर त्यांनी माणसांना झोपवलं होतं, तेही एकही भाषण न करता. सर्जनचं लक्ष जखमेकडे असतं, तेव्हा टेबलाच्या उशाशी बसून कुणीतरी फक्त श्वास ऐकायचा असतो. यंत्रं होतीच, पण बाईंचा भरवसा कानांवर. श्वास किंचित अडखळला, की यंत्राने कोकलायच्या आत त्यांचा हात पुढे गेलेला असे. निवृत्त झाल्यावर जो तो त्यांना "आता चालत जा" म्हणू लागला. निवृत्त माणसाला सगळे चाला म्हणतात, कुठे ते कोणी सांगत नाही. बाईंना चालणं मुळात पसंतच नव्हतं. शाळेत त्या वाऱ्यासारख्या पळायच्या. मग अभ्यास, मग रात्रपाळ्या, मग संसार, मग यजमानांचं आजारपण. ते गेल्यावर घर एवढं शांत झालं, की एक दिवस त्या उठल्या आणि बूट घेऊन आल्या. हाडांच्या डॉक्टरांनी गुडघे दाबून पाहिले आणि विचारलं, "पळायचंच आहे, तर हळूहळू लांब का नाही पळत?"

"हळू जायचं असेल तर मी घरीच बसते," बाई म्हणाल्या.

गृहस्थांची ओळख शहराला वेगळी करून द्यायला नको होती. ते परीक्षक म्हणून नोकरीत होते तोवर वाहन चालवायचा परवाना हवा असलेला प्रत्येक माणूस कधी ना कधी त्यांच्या शेजारच्या आसनावर घाम गाळून गेला होता. त्यांनी इतक्यांना नापास केलं होतं, की लोक त्यांना नापासकर म्हणत. पुढेपुढे त्यांना येणाऱ्या लग्नपत्रिकांवरही तेच नाव येऊ लागलं. सुट्टीच्या दिवशी ते शर्यतींना स्टार्टर म्हणून जात. शर्यत सुरू करून देणारा माणूस. हातात पिस्तूल, खिशात पिवळं कार्ड आणि लाल कार्ड. हात बसलेला राहावा म्हणून रोज सकाळी मैदानावर येऊन फळ्या वाजवत. आजवर त्या फळ्यांच्या आवाजावर कबुतरंच उडायची. आता बाई पळू लागल्या.

या मैत्रीची बातमी सगळ्यात आधी बाईंच्या नणंदेला लागली. नणंद समोरच्याच घरात राहायची आणि दाराच्या भिंगातून जगाची काळजी वाहायची. नापासकरांनी तिला तीनदा नापास केलं होतं.

"वहिनी, तुम्हाला सगळ्या गावात तोच माणूस सापडला?"

"ते इशारा देतात, वन्सं. मी पळते. बाकी काही नाही."

"मलाही असाच इशारा दिला होता. म्हणे, आरशात बघा. मी बघितलं तर म्हणे, स्वतःकडे नको, मागच्या गाडीकडे."

सरावाला कारण होतं. बाईंची मुलगी दूरदेशी होती, बाळंतपण झालेलं, नोकरी सुरू व्हायची होती. तिचं रोज एकच पालुपद… आई, तू इथे ये, तिथे आता काय आहे तुझं? बाई एकदा बोलून गेल्या, "इथे माझी शर्यत आहे." मुलगी आधी हसली, मग वकील होती म्हणून तिने अट घातली. ज्येष्ठांच्या स्पर्धेत शंभर मीटरला पहिल्या तिघींत आलीस तर पुढच्या वर्षीच्या मोठ्या स्पर्धेला तुझी निवड होईल. मग त्या तयारीसाठी राहा वर्षभर, मी चकार शब्द काढणार नाही. नाही आलीस, तर मुकाट्याने बॅग भरायची. बाईंनी शब्द दिला. आणि बाईंचा शब्द म्हणजे शब्द, हे लेकीला लहानपणापासून माहीत होतं. तिच्या कित्येक सुट्ट्या त्यापायी वाया गेल्या होत्या.

ही अट त्यांनी नापासकरांना सांगितली, तेव्हा ते फळ्यांच्या बिजागरीला तेल घालत होते. तेल जरा जास्तच पडलं.

"मग पहिल्या तिघींत यायला हवं," ते म्हणाले.

"तुम्हाला काय त्याचं?"

"मला काही नाही. कबुतरांची सवय सुटलीय, एवढंच."

आता हे लांब पल्ला पळणाऱ्यांना पटायचं नाही, पण जोरात पळण्याच्या सरावात पळणं अगदी थोडं असतं. एकदा जीव खाऊन धावायचं, आणि मग अंगातली ताकद पुरती परत येईपर्यंत सावकाश चालायचं, उभं राहायचं, बसायचं. वय वाढलेल्याने तर ही विश्रांती कंजूषपणे घेतली की मांडीमागचा स्नायू तुटलाच म्हणून समजा. थोडक्यात, हा खेळ म्हणजे क्षणभर धावणं आणि बराच वेळ गप्पा. प्रेम जमवायचं असेल तर याहून सोयीचा खेळ नाही.

"झाली का विश्रांती?" बाई विचारायच्या.

"अजून थोडी घ्या."

"दम तर केव्हाच परत आलाय."

"स्नायूंना वेळ लागतो."

"माझ्या स्नायूंची फार माहिती दिसते तुम्हाला."

नापासकर कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले आणि टोपी नीट करू लागले. टोपी आधीच नीट होती.

"लग्न का नाही केलंत?" दुसऱ्या एका विश्रांतीत बाईंनी विचारलं.

"राहून गेलं."

"कोणी पासच झालं नाही?"

"परीक्षा घ्यायचं धाडस झालं नाही," ते म्हणाले, आणि समोरच्या हिरवळीकडे पाहू लागले. फवारा गोल फिरत होता. उन्हात त्याच्या पाण्याला क्षणभर रंग यायचे आणि जायचे…

ते शिकवत थोडंच, पण नेमकं शिकवत. मान सैल सोडा. कंबर खांद्यांहून जरा वर. पहिल्या पावलांना उभं राहू नका, जमीन मागे ढकला. बाईंच्या हाताचा अंगठा रेषेला लागला, की सुरुवातीला ते फळीच्या टोकाने तो मागे सरकवत. पुढे एकदा फळी बाकावरच राहिली होती, म्हणून त्यांनी वाकून बोटाने सरकवला. त्यानंतर फळी रोजच बाकावर राहू लागली, आणि बाईंचा अंगठाही रोज रेषेला लागू लागला. शिकवलेलं इतक्या चिकाटीने विसरणारी विद्यार्थिनी त्यांना पूर्वी मिळाली नव्हती.

बाईंची सुरुवात मात्र बघताबघता अफाट सुधारली. फळ्या वाजल्या, की त्या सुटलेल्याच असत. नापासकर आधी खूश झाले, मग त्यांच्यातला परीक्षक जागा झाला.

"डॉक्टर, एक विचारू? तुम्ही आवाजावर निघत नाही."

"मग कशावर निघते?"

"तेच विचारतोय. आवाजाच्या आधी तुम्हाला काहीतरी कळतं."

बाईंनी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. "तुमचा श्वास," त्या म्हणाल्या. "फळ्या वाजवायच्या आधी तुम्ही एक बारीक श्वास घेता. डाव्या नाकपुडीतून… ती थोडी चोंदलेली असते. तो झाला की पाठोपाठ टाळी. मी मुद्दाम नाही हो ऐकत. ऐकू येतो."

नापासकर थिजले. एवढी वर्षं ते पिस्तूल उडवत होते. मोठमोठे पळणारे त्यांच्या हाताखालून गेले होते. आपण श्वास घेतो हे आजवर कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, खुद्द त्यांच्याही नाही.

"मग श्वास बंद करायला हवा," ते म्हणाले.

"नको. श्वास बंद पडलेल्या माणसांसाठी फार धावपळ केलीय मी. आता निवृत्त आहे."

याला उपाय सोपा होता. कोणातरी तिऱ्हाइताला फळ्या वाजवायला सांगायच्या, किंवा श्वास घेऊन मुद्दाम वाजवायच्याच नाहीत, की आठवड्याभरात बाईंचा कान सुधारला असता. कोणत्याही नवख्या प्रशिक्षकाने हेच केलं असतं. नापासकरांना ते पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण आपला श्वास कोणीतरी रोज सकाळी कान देऊन ऐकतंय, ही गोष्ट त्यांच्या आयुष्यात फार उशिरा आली होती, आणि ती त्यांच्याने दुरुस्त करवेना. "उद्या बघू," असं ते रोज ठरवत. बाईही विचारत नव्हत्या. दोघंही नियमाने वागणारी माणसं. आयुष्यात एकच लबाडी केली, आणि तीही एकमेकांना न सांगता.

स्पर्धेचा दिवस उजाडला. नापासकरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, की त्यांना पुरुषांच्या शर्यती द्या. कारण कोणी विचारलं नाही, त्यांनी दिलं नाही. पण दुपारी बायकांच्या स्टार्टरचा घसा बसला. तोंडातून शब्दाऐवजी नुसती हवा यायला लागली. पंचप्रमुख धावत आले.

"तेवढी शंभर मीटरची अंतिम शर्यत घ्या."

"दुसरं कोणी नाही?"

"तुम्ही असताना दुसरं कोणी कशाला?"

नाही म्हणता आलं असतं. मग मात्र कारण सांगावं लागलं असतं. चौथ्या पट्टीतल्या बाईंना माझा श्वास ओळखता येतो, हे वाक्य त्यांनी मनातल्या मनात जुळवून पाहिलं. पंचप्रमुखांसमोर, कार्यकर्त्यांसमोर, हातात चहाचे कप घेऊन उभ्या असलेल्या एवढ्या माणसांसमोर… ते वाक्य काही ओठांवर येईना. त्यांनी पिस्तूल उचललं.

आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात स्टुलावर चढल्यावर आली. इथे ध्वनिक्षेपक होता. स्टार्टरचं बोलणं सगळ्यांना एकाच वेळी पोचावं म्हणून प्रत्येकीच्या मागे, जमिनीलगत, एकेक छोटा कर्णा ठेवलेला होता. म्हणजे त्यांचा श्वास आता बाईंच्या टाचांपाशी येऊन बसणार होता.

बाईंनी त्यांना पाहिलं. ओळख दाखवली नाही. पण ओठांच्या कोपऱ्याशी काहीतरी हललं. प्रेक्षकांत नणंद उभी राहिली. "झालं," ती शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणाली, "आता हा काहीतरी करणार."

"आपापल्या जागेवर…"

बायका वाकल्या.

"सज्ज…"

आणि दुसऱ्या पट्टीतल्या एक बाई उगीचच सुटल्या. पिवळं कार्ड. या स्पर्धेचा नियम असा, की पहिली चूक सगळ्यांना मिळून माफ. त्यानंतर जी हलेल ती बाहेर.

पुन्हा बायका वाकल्या. नापासकरांनी ठरवलं होतं की श्वास घ्यायचाच नाही. "सज्ज" म्हणून त्यांनी तोंड मिटलं. कंबरा वर गेल्या. सगळ्या स्थिर व्हायला हव्या होत्या, आणि सहाव्या पट्टीतल्या बाईंची कोपरं थरथरत होती. ते थांबले. त्यांची नजर चौथ्या पट्टीवर गेली. अंगठा रेषेच्या बरोबर मागे होता, कोणी न सरकवता. मान सैल. पांढऱ्या केसांची एक बट कानामागून सुटलेली… त्या बटेकडे पाहताना त्यांचा मिटलेला श्वास संपला. माणसाला जगायला हवा लागते, एवढ्याच कारणाने त्यांनी तो घेतला. बारीक, डाव्या नाकपुडीतून.

बाई सुटल्या.

एकट्याच. इतकी सुंदर सुरुवात त्या मैदानावर त्या दिवशी कोणीच केली नव्हती. पाच-सहा पावलांनी त्यांना कळलं, की मागून कोणी येत नाहीय, आणि पिस्तूल उडालेलंच नाही. त्या थांबल्या. वळून परत चालत आल्या, सावकाश, विश्रांतीत चालायच्या तशा.

नापासकर स्टुलावरून उतरले. नियमपुस्तकात एक पळवाट असते; स्टार्टरकडून काही गडबड झाली असेल तर तो सगळ्यांना उभं करून नव्याने सुरुवात करू शकतो. ती पळवाट त्यांना पाठ होती. पण ती वापरायची तर काय गडबड झाली, हे सांगावं लागलं असतं. ते चौथ्या पट्टीसमोर गेले. खिशातून लाल कार्ड काढलं आणि वर धरलं. हात थरथरला नाही. तो थरथरायला हवा होता, असं त्यांना पुढे कैक दिवस वाटत राहिलं.

बाईंनी मान डोलावली आणि पट्टीबाहेर निघून गेल्या.

"तरी मी म्हणत होते," नणंद शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणाली. मग खाली बसली, आणि पदराने डोळे पुसताना पुटपुटली, "मेल्याने घरातली एक बाई नापास करायची सोडली नाही."

बाई कठड्याशी बूट सोडत बसल्या होत्या. शर्यती संपल्यावर नापासकर तिथे आले आणि उभेच राहिले.

"तुमची चूक नव्हती," ते म्हणाले.

"मी हलले. बरोबर होतं कार्ड."

"मला सांगता आलं असतं. गडबड माझी होती म्हणून."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सगळ्यांसमोर…" त्यांनी टोपी काढली. "डॉक्टर, नियम मोडला असता तर मी तुमच्याच मनातून उतरलो असतो."

बाईंनी बुटातली माती झटकली. बराच वेळ झटकली. एवढी माती त्यात नव्हती.

"कदाचित उतरलाही असतात," त्या म्हणाल्या. "पण एकदा बघायला हवं होतं ना, साहेब…"

पंधरवड्यात बॅगा भरून झाल्या. विमानतळावर सोडायला नापासकर आले, आपली गाडी घेऊन. नणंद आधी म्हणाली, मी त्या माणसाच्या गाडीत पाय ठेवणार नाही. मग मागच्या आसनावर मधोमध बसली, म्हणजे दोघांवरही नजर राहते.

वाटेत सिग्नल पिवळा होताच गाडी थांबायची. सायकलवाल्याला वाट, कुत्र्याला वाट, रिकाम्या रस्त्यालाही वाट. आणि मग विमानतळाचं वळण आलं, मोठ्या निळ्या पाटीसकट… आणि गाडी सरळ पुढे गेली.

"वळण मागे राहिलं," बाई म्हणाल्या.

"हो. चुकलं."

"तुमचं?"

"पुढून वळता येतं."

"किती पुढून?"

"बरंच पुढून." ते समोर पाहत होते. "वेळ आहे. मी हिशेब केलाय."

मागे नणंदेने तोंड उघडलं होतं. ते तिने मिटलं, डोळेही मिटले, आणि घोरायला लागली. झोपलेला माणूस इतकं रीतसर घोरत नाही, हे भूलतज्ज्ञाला सांगायला नको. बाईंनी तिला घोरू दिलं.

"डॉक्टर, जाऊ नका."

हे त्यांनी रस्त्यालाच सांगितल्यासारखं सांगितलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर, जिथे असायला हवेत तिथेच.

बाई खिडकीबाहेर पाहू लागल्या. "हे त्या दिवशी मैदानावर म्हणाला असतात, तर मी लेकीशी भांडले असते. शर्यत झाली नाही, परत घ्या, म्हणाले असते. आता तिने खोली तयार केलीय. माझा दिवा कुठे ठेवायचा, ते मला फोनवर विचारून ठेवलाय."

"शब्द मोडता येतो."

"तुम्ही मोडला असतात?"

नापासकरांनी वळायचा दिवा लावून गाडी वळवली. बाईंनी गिअरवरच्या त्यांच्या हातावर हात ठेवला, आणि त्यांना चौथा गिअर टाकायचा होता, तो त्यांनी टाकला नाही. गाडी तिसऱ्यावरच कण्हत विमानतळापर्यंत गेली.

बाई काचेच्या दारातून आत गेल्या. एकदा वळून पाहिलं. हसल्या. मग माणसांची गर्दी मध्ये आली.

नापासकर परत गाडीत येऊन बसले. नणंद पुढच्या आसनावर आली होती. तिने पट्टा लावला, आरसा पाहिला, त्यात मागच्या गाडीकडेच पाहिलं, आणि वाट बघू लागली. गाडी काही निघेना. मागे हॉर्न वाजू लागले. शेवटी पहारेकरी आला आणि काचेवर टकटक केली.

"साहेब, इथे गाडी उभी करता येत नाही."

नापासकरांना ते माहीत होतं. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ते समोर पाहत राहिले. त्यांच्या हनुवटीवरून काहीतरी ओघळून इस्त्रीच्या कॉलरवर पडलं.

नणंदेने आपल्या बाजूची काच खाली केली.

"अहो दादा, बंद पडलीय गाडी," ती म्हणाली. "होईल सुरू. थोडा वेळ द्या."

इंजिन चालू होतं. पहारेकऱ्याला ऐकू येत होतं, नापासकरांनाही येत होतं. पहारेकऱ्याने मागच्या गाड्यांना बाजूने जायची खूण केली.